गब्बू आळशी नाही

नागपुरातल्या मनीषनगरच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा गब्बू सात वर्षांचा, नसबंदी झालेला, अर्धा पर्शियन बोका. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटबाहेर त्यानं कधी पाऊल टाकलेलं नाही. वजन 6.8 किलो. गेल्या चार-पाच महिन्यांत त्यानं अंग चाटणं जवळजवळ सोडून दिलंय. कमरेवर कोंडा, शेपटीच्या बुडाशी तेलकट केस, मांड्यांच्या मागे जटा, आणि जवळ घेतलं की वास. सासूबाई म्हणतात खोबरेल लावा. शेजारचे काका म्हणतात, उन्हाळा तोंडावर आलाय, सरळ भादरून टाका. ताईंचा स्वतःचा प्रश्न एका ओळीचा: "डॉक्टर, हा फार आळशी झाला जी, कोणता ब्रश घेऊ?"

ब्रशचं सांगते, पण आधी त्या 'आळशी'चं बोलू. पंचवीस वर्षांत हा शब्द मी टेबलापलीकडून इतक्यांदा ऐकलाय की आता तो ऐकला की मी आधी मांजराचं तोंड उघडून बघते. मांजर दिवसाचे बारा-चौदा तास झोपतं, त्याला आळस म्हणा हवं तर. पण अंग चाटणं हे त्याच्या लेखी काम नसतंच. जागेपणीचा मोठा वाटा ते त्यातच घालवतं. जेवल्यावर चाटतं, घाबरलं की चाटतं, उडी चुकली की लाज झाकायलाही चाटतं. असं जनावर चाटायचं थांबलं, तर त्याला एकतर तिथवर पोचता येत नाही, किंवा पोचताना दुखतं, किंवा आतून बरं वाटत नाही. गब्बूचं यातलं काय आहे ते शोधायचं. तोपर्यंत कंगवा हातात घ्यायचा, कारण जिभेचं काम कुणीतरी करायलाच हवं.

त्या जिभेचं काम नेमकं काय, हे कळलं की बाकीचं सोपं जातं. मांजराची जीभ खरखरीत लागते ती मागे वळलेल्या काट्यांमुळे. आपली नखं ज्या केराटिनची, त्याचेच हे काटे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या अभ्यासकांनी 2018 साली दाखवून दिलं की या काट्यांची टोकं पन्हाळीसारखी पोकळ असतात. ती तोंडातली लाळ उचलतात आणि केसांच्या पार मुळाशी, कातडीजवळ नेऊन सोडतात. म्हणजे ही जीभ एकाच वेळी कंगवा आहे आणि ओला पंचाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. वाघ-सिंहापासून घरच्या मांजरापर्यंत बहुतेकांचे काटे दाबलेल्या केसांतून कातडीपर्यंत पोचतात. पर्शियन मांजराचे पोचत नाहीत. माणसानं हौसेनं केस इतके लांब आणि दाट करून ठेवलेत की जीभच अपुरी पडते. तेव्हा गब्बू ठणठणीत असता तरी त्याला माणसाच्या हाताची गरज लागलीच असती. निम्मा दोष त्याच्या घराण्याचा.

उरलेल्या निम्म्यासाठी आज संध्याकाळी त्याला शेजारी बसवा आणि घाण नेमकी कुठे आहे ते बघा. कमर, शेपटीचं बूड, मांड्यांची मागची बाजू, एवढंच खराब असेल आणि चेहरा, छाती, पुढचे पंजे स्वच्छ असतील, तर चाटायची इच्छा शाबूत आहे, वळता येत नाहीये. लठ्ठपणा किंवा पाठीचं, खुब्याचं दुखणं. पुढचे पंजेही मळलेले, तोंडाला लाळ, हनुवटी ओली, खाताना मान एका बाजूला कलते, कोरडं खाणं तोंडातून पडतं, तर दात किंवा हिरड्या. मांजरांमध्ये दात मुळाशी आतून विरघळत जाण्याचा एक विकार बराच आढळतो. बाहेरून दात बरा दिसतो आणि आत ठणका असतो. अंगभर केस निस्तेज, झुपके उभे राहिलेले, पाणी जास्त पितोय, लिटरमधले, म्हणजे त्याच्या शी-शूच्या डब्यातल्या मातीतले, गोळे मोठे झालेत, तर रक्ताची तपासणी लागेल. मूत्रपिंड आणि साखर तरी नक्की. आणखी वय झालेलं मांजर असेल तर थायरॉइडही.

तुमच्या वर्णनावरून गब्बू पहिल्या गटातला वाटतो. वाटतो म्हणते, कारण बघितल्याशिवाय मी पैज लावत नाही.

सांधेदुखी म्हटलं की लोक लंगडण्याची वाट बघतात. मांजर लंगडत नाही, ते आपला दिनक्रम बदलतं. आधी ओट्यावर एका उडीत चढायचा, आता खुर्चीवरून चढतो. खिडकीतली जागा सोडून सोफ्याखाली झोपतो. लिटरच्या डब्याची कड उंच असेल तर आत न जाता बाहेरच करतो आणि वर बोलणी खातो. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा नव्वदांच्या सांध्यांत झीज सापडली. गब्बू सातच वर्षांचा आहे, पण झीज काही बाराव्या वाढदिवसाची वाट बघत नाही, आणि त्याच्या कमरेवर दोनेक किलोचं जादा ओझं आहे.

एक गोष्ट मात्र घाईची. चाटणं चार महिन्यांत हळूहळू कमी झालं तर चार दिवसांत दाखवा. चाटणं आणि खाणं दोन्ही अचानक थांबलं तर त्याच दिवशी. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठत जाते आणि यकृतच बंद पडायला लागतं. "बरंच झालं, वजन तरी उतरेल" म्हणून थांबलेले लोक मी पाहिलेत.

आता जटा. जट म्हणजे नुसता गुंता नव्हे. गळलेले केस बाहेर न पडता जिवंत केसांत अडकतात, त्यात कातडीचं तेल, कोंडा, लिटरची माती मिसळते, आणि जट दिवसेंदिवस आवळत जाते. कुणी आपली वेणी घट्ट, अगदी भुवया ताणल्या जातील इतकी घट्ट घालावी आणि महिनाभर सोडूच नये, तसं त्याला होत असतं. मांड्यांमागे जटा असल्या तर प्रत्येक पावलाला कातडी ओढली जाते. मग तो आणखी कमी हलतो, आणखी कमी चाटतो.

जटेला कात्री लावायची नाही. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका लांब केसांच्या मांजरीच्या काखेतली जट मी कात्रीनं कापायला घेतली. घरच्यांना घाई होती, मलाही होती. जटेनं ओढलेली कातडी तंबूसारखी वर आलेली असते आणि केसांच्या गर्दीत ती वेगळी कळत नाही. मांजराची कातडी मुळात कागदासारखी पातळ. पाच टाके घालावे लागले. मांजरी आठवड्यात बरी झाली. कात्री मी तेव्हापासून जटेजवळ नेलेली नाही.

बोराएवढी लहान जट असेल तर बोटांनी सुटते. एका हाताच्या चिमटीत जट आणि कातडी यांच्यामधले केस घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीपर्यंत जाणार नाही. जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लॉर चोळा. सुगंधी टाल्कम नको. ते नाकात जातं आणि अंगावर उरलेलं तो चाटतो. मग टोकाकडून मुळाकडे, थोडं थोडं, कंगव्याच्या शेवटच्या दोन दातांनी पिंजत जा. मुळातून सुरुवात केलीत तर ती आणखी आवळेल आणि गब्बू तुम्हाला कायमचा ओळखून ठेवेल. दिवसाला एकच जट.

सुपारीपेक्षा मोठी, किंवा कातडीला चटईसारखी चिकटलेली जट असेल तर दवाखान्यात मशीननं काढून घ्या. आम्ही बहुधा दहा नंबरचं पातं वापरतो. ते कातडीला समांतर धरायचं, कातडी ताणून, आणि दर काही मिनिटांनी आपल्या मनगटाला लावून बघायचं, कारण पातं तापतं आणि मांजराला चटका बसतो. पार्लरमध्ये नेणार असाल तर पातं तपासतात का, हे उभं राहून बघा. जटेखालची कातडी लाल, ओलसर निघाली तर घाबरू नका. तिला हवा लागू द्या, त्यावर पावडर थापू नका.

काकांच्या सल्ल्याबद्दल. सगळं अंग भादरण्याच्या मी विरोधात नाही, पण माझी पहिली निवड ती नाही. विंचरलेले, मोकळे केस हवा खेळवतात. मे अखेरच्या नवतपात मांजराला त्रास देते ती दाबून बसलेली जट. कमरेवरच्या आणि मांड्यांमागच्या जटा काढा, शेपटीखालचे आणि गुदद्वाराभोवतीचे केस आखूड करून घ्या म्हणजे शी चिकटणार नाही, आणि बाकीचं अंग राहू द्या. सबंध पाठीचा नमदा झाला असेल तरच पूर्ण भादरा. त्यासाठी बहुधा गुंगीचं इंजेक्शन लागतं, आणि लठ्ठ मांजराला गुंगी देण्याआधी मी रक्त तपासते. लांब केस परत यायला चार ते सहा महिने धरा.

आता तुमचा ब्रश. घ्यायचा तो ब्रश नाही, कंगवा. स्टीलचा, गोल टोकांच्या दातांचा, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला थोडे जवळ दात असलेला. वाकड्या तारांचा ब्रश, ज्याला दुकानात स्लिकर म्हणतात, वरवर सुंदर फिरतो. वरचे केस कापसासारखे फुलतात आणि खाली जट तशीच राहते. "रोज ब्रश करतो हो आम्ही" म्हणणाऱ्यांकडे मी कंगवा देते, तो दोन बोटांवर अडतो. तो ब्रश हवा तर कंगव्यानंतर, हौसेला. केस झडवायचं पातंवालं अवजार दुखऱ्या, हाडं लागणाऱ्या कमरेवर चालवू नका. आखूड केसांच्या गावठी मांजरांना रबरी मोजा पुरतो. शिवाय उवा काढायची बारीक स्टीलची फणी घरात असेल तर ती गब्बूच्या नावानं वेगळी काढा. शेपटीच्या बुडाशी फिरवायची आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकायचे. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, पचलेलं रक्त. चौथ्या मजल्यावर पिसवा येत नाहीत असं तुम्हाला वाटत असेल. त्या आपल्या कपड्यांवरून लिफ्टनं येतात.

विंचरायचं कधी? जेवण झाल्यावर, डोळे जड झाले की. सुरुवातीला दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. गाल, हनुवटी, कानामागे, मग खांदे आणि पाठ, केसांच्या दिशेनं. काखा, पोट आणि मांड्यांची मागची बाजू पहिल्या आठवड्यात विसरा. शेपटीचं टोक आपटायला लागलं, कान आडवे झाले, पाठीची कातडी थरथरली की हात थांबवा. त्यानं पंजा उचलण्याआधी तुम्ही उठलेलं बरं. थांबताना चाटायला काहीतरी द्या. उकडलेल्या चिकनचं बिनमिठाचं पाणीही चालतं. आणि एकाच जागी कंगवा लागला की तो दर वेळी वळून बघतोय, गुरगुरतोय, असं दिसलं तर ती जागा लिहून ठेवा. मला ती हवी आहे.

कंगवा बघूनच पळत असेल तर पंचा. घरातला जुना, धुऊन खरखरीत झालेला पंचा कोमट पाण्यात बुडवायचा, अगदी कोरडा होईस्तोवर पिळायचा आणि आखूड, ठाम फटक्यांनी पुसायचं. आई पिलाला चाटते त्या लयीत. अनाथ पिलांना आम्ही असंच स्वच्छ करतो आणि म्हाताऱ्या मांजरांनाही ती आठवण असावी, कारण जी मांजरं ब्रश चावतात ती पंच्याखाली डोळे मिटतात. नंतर कोरड्या कपड्यानं टिपा. ओलसर केस घासले गेले की गुंता वाढतो, म्हणून कूलरसमोर फवारा अंगावर येईल अशा जागी त्याला झोपू देऊ नका.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि खोबरेल त्यांच्या केसांनाच राहू द्या. ते विष नाही, पण गब्बूचं अंग आधीच तेलकट आहे. वरून तेल लावलं की धूळ आणि लिटरची माती बसेल आणि आणखी जटा होतील. खोबरेलात कापूर घालून लावायची घराघरांत पद्धत आहे, ती मात्र खरंच धोक्याची. मांजराच्या यकृतात फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करून बाहेर टाकण्याची एक यंत्रणा फार दुबळी आहे, आणि अंगावर लावलेलं काहीही शेवटी थोडंफार पोटात जातंच. म्हणून कापूर नाही, टी ट्री तेल नाही, पाण्यात घातलं की पांढरं होणारं ते जंतुनाशक तर मुळीच नाही. आपल्या गावात आणखी एक मोह असतो: संत्र्याच्या वाळवलेल्या सालींची पूड. आपल्या उटण्यात ती छान आहे. मांजराला सालीतलं तेल बाधतं. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारे मानेवर टाकायचे थेंब कधीही वापरू नका. त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं. त्यानं मांजर थरथरायला लागतं, आकडी येते, जीवही जातो. आणि सांधे दुखतात म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी असते.

आंघोळ? जटा पूर्ण निघाल्यावर, आधी नाही. पाणी लागलं की जट नमद्यासारखी आवळते. तेलकट शेपटी आणि वास यासाठी महिना-दीड महिन्यातून एकदा मांजरांचा सौम्य शांपू पुरे. पाणी आपल्या कोपराला कोमट लागेल इतपत. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चहासारखं तापलेलं असतं, थेट नळाखाली धरू नका. आणि वास मागूनच येतोय ना, हे एकदा बघा. वास तोंडाचा असेल तर शांपूनं जाणार नाही.

पावसाळ्यात लक्ष वेगळ्या ठिकाणी ठेवायचं. कोंदट हवेत नायटा वाढतो. गोल टक्कल, कडेला खपली, तुटलेले केस. तो घरातल्या लेकरांना होतो, म्हणून कंगवा वेगळा आणि धुतलेला. शेपटीखाली शी चिकटून कातडी ओली राहिली तर माश्या बसून अळ्या पडू शकतात, फ्लॅटमधल्या मांजरालासुद्धा. उन्हाळ्यात गब्बू तोंड उघडून कुत्र्यासारखा धापा टाकताना दिसला तर फोन करून विचारत बसू नका, त्याला घेऊन निघा.

खाण्याकडे येते, कारण केस तिथून येतात. दूध-पोळीवर मांजर जगतं, पण केस धरत नाहीत. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. टॉरिन आणि अॅराकिडोनिक आम्ल ही द्रव्यं त्याला प्राण्यांच्या मांसातूनच घ्यावी लागतात. कुत्र्याचं खाद्य त्याला पुरत नाही. रविवारी सावजीच्या रश्श्यातला तुकडा "धुऊन देतो" असं मला सांगणारे पुष्कळ आहेत. तिखट धुतलं जातं, मुरलेला कांदा-लसूण नाही, आणि त्यानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

वजन उतरवायचं ते आठवड्याला अर्धा ते एक टक्का. गब्बूच्या हिशेबात 35 ते 70 ग्रॅम. घरच्या काट्यावर हे दिसणारसुद्धा नाही, म्हणून महिन्यातून एकदा दवाखान्याच्या काट्यावर आणा. भरलेली वाटी दिवसभर उघडी ठेवायची सवय आजपासून बंद; मोजून, चार वेळा. एक वाटी खिडकीपाशी, दुसरी दुसऱ्या खोलीत, म्हणजे चार पावलं तरी पडतील. दीड किलो उतरलं की बरीच मांजरं आपणहून पुन्हा कमरेपर्यंत पोचतात. तेव्हाही कंगवा ठेवून देऊ नका, त्याचं पर्शियन रक्त काही कमी होणार नाही.

दाखवायला सकाळी आणा, उन्हाच्या आत. पिंजऱ्यात त्याच्याच वासाचा टॉवेल घाला. मी तोंड, पाठ, खुबे तपासेन, रक्त घेईन, आणि हाडांची शंका आली तर एक्स-रे. लांब पडत असेल तर सेमिनरी हिल्सवर 1958 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या चिकित्सालयातही दाखवता येईल. येताना मोबाइलवर दोन चित्रफिती आणा: एक तो सोफ्यावर चढताना, एक उतरताना. दवाखान्यात सगळी मांजरं दगडासारखी बसतात, चाल दाखवत नाहीत. आणि घरी एखादी जट सुटून आली तर फेकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते, म्हणून कागदी पाकिटात घालून आणा. तिच्या मुळाशी काय आहे ते मला सूक्ष्मदर्शकाखाली बघायचंय.